काळ्या जमिनीत काय चालवायचं: पावसाआधी ट्रॅक्टरच्या अवजाराचा निर्णय

गहू-हरभरा निघाला, शेतं मोकळी झाली. इंदूरकडे सोयाबीनची पेरणी जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते, तेव्हा अवजाराची खरेदी असो की लोहाराकडचं काम, ते आताच उरकायला हवं. सांवेर, देपालपूर, महू या बाजूला जमीन आणि राहणं इंदुरात, अशी आपली कितीतरी मराठी घरं आहेत. तिथे मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरवर होते आणि भाड्याने हमखास मिळतो तो रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती कुटणारं अवजार. शेत एका फेरीत भुसभुशीत दिसतं, मालकही खूश, ड्रायव्हरही खूश. तरी माझं स्पष्ट मत आहे की माळव्याच्या चिकण काळ्या जमिनीत दर हंगामाला रोटाव्हेटर फिरवू नये.

त्याची पाती दरवेळी साधारण त्याच खोलीवर, दहा-बारा सेंटिमीटरवर घासतात. जमिनीत ओल जास्त असेल तर तिथली माती दाबून गुळगुळीत होते. वरून ट्रॅक्टरचं वजन. काही वर्षांत तिथे कडक थर बसतो. मग जुलैच्या झडीत पाणी वरच थांबतं, सोयाबीन पिवळं पडतं, आणि ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिला की मुळं खालच्या ओलीपर्यंत पोचत नाहीत. शिवाय पिठासारख्या मातीवर पेरणीनंतर जोराची सर आली की पापुद्रा धरतो आणि कोंब वर येत नाही.

म्हणून पैसे घालण्याआधी खड्डा खणा. शेतात दोन-तीन ठिकाणी, हात-दीड हात खोल. खड्ड्याच्या उभ्या भिंतीत वरून खाली पेचकस (स्क्रू-ड्रायव्हर) टोचत जा. जिथे तो एकदम अडतो आणि थोडं खाली पुन्हा सहज शिरतो, तो थर. खोली मोजून लिहून ठेवा. हरभऱ्याची धसकटं शेतात उभी असतील तर चार उपटून पाहा: सोटमूळ सरळ न जाता आडवं वळलेलं दिसलं, तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

थर नसेल तर महागड्या खोल नांगरटीचा आग्रह धरू नका. उन्हाळी खोल नांगरट दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते. पलटी नांगराने निघालेली मोठी ढेकळं बघून घाबरून लगेच रोटाव्हेटर बोलावू नका. एप्रिल-मेच्या उन्हात ती तापू द्या. किडींचे कोष आणि हराळीच्या काशा वर येऊन वाळतात. काळ्या मातीचा गुणच असा की मृगाच्या आधीच्या दोन सरींत ढेकूळ आपोआप विरतं. मग वाफसा आला की पंजाची (कल्टिव्हेटरची) एक पाळी आणि वखराची एक पाळी, एवढ्यात पेरणीचं रान तयार होतं. वाफसा ओळखायचा तर चार बोटं खालची माती घेऊन तळहातावर वळा. वळी झाली तर थांबा, भुगा झाला तर ट्रॅक्टर घाला. गव्हाची धसकटं अडतात म्हणून नरवाई, म्हणजे ती धसकटं, जाळणं मात्र नकोच. तिथे एकदा, कोरड्या रानात, उथळ रोटाव्हेटर चालवलात तर माझी हरकत नाही.

थर सापडला तर सब-सॉइलर लागेल, म्हणजे उभ्या जाड दांड्याच्या टोकाला फाळ असलेलं, खालचा कडक थर फोडणारं अवजार. खंडवा रोडवरच्या सोयाबीन अनुसंधान संस्थेची शिफारस पाच वर्षांतून एकदा, दहा-दहा मीटर अंतरावर सब-सॉइलर चालवण्याची आहे. इतकं कमी काम असल्याने चार शेजाऱ्यांत मिळून एक घेणं शहाणपणाचं. तो कोरड्या जमिनीतच चालवावा. कोरडी माती तडकून दोन्ही बाजूंना फुटते, ओली नुसती चिरली जाते. थराच्या खाली चार-पाच सेंटिमीटर फाळ गेला की पुरे. त्याहून खोल गेल्यास डिझेल मात्र झपाट्याने वाढतं.

हे अवजार करून घेता येतं, कारण त्यात फिरणारा भाग नाही. रोटाव्हेटरच्या वाटेला मात्र घरच्या घरी जाऊ नका. गिअर, बेअरिंग आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांचा पी.टी.ओ. (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा शाफ्ट) हे गल्लीतल्या वर्कशॉपचं काम नव्हे. सब-सॉइलरसाठी ट्रॅक्टर ४५ ते ५० हॉर्सपॉवरचा हवा, कारण काळ्या कोरड्या जमिनीत एका दांड्याला हजार किलोच्या वर खेच बसू शकते. दांडा २५ ते ३० मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा घ्या.

जोडणीची मापं लोहाराला नजरेने घेऊ देऊ नका. अवजार ट्रॅक्टरला खाली दोन आणि वर एक अशा तीन पिनांवर बसतं, आणि या जोडणीच्या ठरलेल्या मापांना कॅटेगरी म्हणतात. कॅटेगरी एकच्या जोडणीत खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरची १९ ची, खालच्या दोन टोकांमधलं अंतर ६८३ आणि खालच्या पिनेपासून वरच्या पिनेची उंची ४६०. कॅटेगरी दोनला पिना २८ आणि २५ च्या, अंतर ८२५, उंची ६१०. आपल्या ट्रॅक्टरला कोणती, ते पिना मोजून बघा. उंची चुकली की फाळ जमिनीत शिरताना नाक वर करतो, आणि टॉप लिंक (वरचा जोडदांडा) कितीही फिरवली तरी ते सुटत नाही.

फाळासाठी जुन्या ट्रकच्या कमानीचे पाटे बरेच जण वापरतात. लोखंड चांगलं असतं, पण ते थंड असताना थेट वेल्ड केलं तर सांध्याशेजारी तडकतं. आधी नीट तापवून, ७०१८ नंबरचा कोरडा वेल्डिंग रॉड वापरून वेल्ड करायला सांगा, आणि हळूहळू निवू द्या, पाणी ओतू देऊ नका. त्याहून बरं म्हणजे फाळ बोल्टाने बसवा, झिजला की बदलता येतो. दांड्याला एक साधा, मऊ लोखंडाचा शिअर बोल्ट हवाच. दगड लागला की तुटायचं ते यानेच. तो तुटला म्हणून इंदूरच्या सियागंज बाजारातून जास्त ग्रेडचा कडक बोल्ट आणून ठोकू नका, पुढच्या दगडाला दांडा किंवा ट्रॅक्टरची लिफ्ट जाईल.

तयार अवजार घेणार असाल तर बुधनीच्या ट्रॅक्टर परीक्षण संस्थेचा किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त केंद्राचा टेस्ट रिपोर्ट दुकानदाराकडे मागा. अनुदानासाठी राज्याच्या ई-कृषी यंत्र अनुदान पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि निवड लॉटरीने होते, म्हणून अनुदान गृहीत धरून बयाणा देऊ नका. घरी बनवलेल्या अवजाराला ते मिळत नाही.

पहिल्या दिवशी ट्रॅक्टर जास्त घसरत नाही ना, हे मोजा. मागच्या चाकाला खडूची खूण करा. अवजार उचललेलं ठेवून दहा फेऱ्यांत किती अंतर गेलं ते मोजा, मग फाळ जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्या. आधी ४० मीटर आणि नंतर ३५ आलं, तर घसर साडेबारा टक्के, म्हणजे ठीक. १५ टक्क्यांच्या पुढे गेली तर खोली कमी करा किंवा मागच्या चाकांना वजन लावा. नांगर, पंजा आणि सब-सॉइलर चालवताना लिफ्टचा लिव्हर ड्राफ्ट कंट्रोलवर (खेच वाढली की अवजार आपोआप थोडं उचलणारा) ठेवा, रोटाव्हेटरला पोझिशनवर (अवजार ठरलेल्या उंचीवर धरणारा). अर्धा तास चालवल्यावर ट्रॅक्टर बंद करून सगळे नट पुन्हा कसा, नव्या अवजाराचे पहिल्या अर्ध्या तासातच सैल होतात.