नव्या गाडीचं पीडीआय (डिलिव्हरीपूर्व तपासणी) नीट झालं नसेल तर भरपाई कशी मागायची

डिलिव्हरीनंतर सैल व्हील नट, कमी कूलंट किंवा दगडासारखे कडक टायर (वाहतुकीसाठी हवा जास्त भरतात, ती उतरवायची राहते) आढळले, तर गाडी लगेच वर्कशॉपच्या हवाली करू नका. आधी ओडोमीटर दिसेल असा व्हिडिओ काढा. नट सैल असेल तर गाडी चालवू नका, टो करून न्या. जॉबकार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर) तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या; सर्व्हिस सल्लागार ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळा होतो आणि पुढे तेच अंगाशी येतं. सही केलेल्या पीडीआय चेकलिस्टची प्रत मेलवर मागा. टाळाटाळ झाली तर तो मेलही जपून ठेवा.

मागणीत आकडे हवेत: दुरुस्ती, टोइंग, टॅक्सीची बिलं. गाडीच बदलून द्या, हा हट्ट उत्पादनातला दोष सिद्ध झाल्याशिवाय सहसा टिकत नाही. डीलर आणि कंपनी, दोघांनाही 15 दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवा. तिथे निभावलं नाही तर स्वतः राहता त्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग. तिथे तक्रार करायची मुदत 2 वर्षं, 5 ते 10 लाखांच्या गाडीला फी फक्त 200 रुपये. पैसे खात्यात जमा होईपर्यंत ‘फुल अँड फायनल’ (आता काही मागणी उरली नाही, अशा) कागदावर सही नको.