मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे पहिल्यांदा जाताना

आजवर चेहऱ्याला जे जे लावलं ते सगळं, अर्धवट पिळलेल्या ट्यूबांसकट, पिशवीत घालून न्या. निदान लेबलांचे फोटो तरी काढा. प्रत्येक औषध किती आठवडे वापरलं तेही सांगा. मुरुमांच्या बहुतेक औषधांचा गुण दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात, त्यामुळे १५ दिवसांत सोडून दिलेलं क्रीम निकामी होतं असं म्हणता येत नाही. रंग उजळावा म्हणून लावलेलं स्टिरॉइडचं मलम तर मुळीच लपवू नका, त्यानेही पुळ्या येतात. मेकअप न करता जा. पाळी अनियमित असेल, गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. मुरुमांवर दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइन या गोळ्यांमुळे गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. पाठीवर फोड असतील तर तेही दाखवा, संकोच नको.