नाशकात मेडिसिनला येणाऱ्या रेसिडेंटांसाठी

मी परभणीहून नाशकात एमडी मेडिसिनला, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या कोर्सला आले आणि इथलीच झाले. दरवर्षी ॲडमिशनची यादी लागली की आमच्याकडच्या मुलामुलींचे फोन येतात. होस्टेल कसं आहे, स्टायपेंड वेळेवर होतो का? ते विचाराच. पण त्याआधी युनिट, म्हणजे तुम्ही ज्यात काम करणार ती डॉक्टरांची तुकडी, कसं चालतं ते समजून घ्या, कारण पुढची ३ वर्षं तेच तुमचं घर आहे.

युनिट हेड सगळ्यांच्या वर, त्यांच्याखाली असोसिएट आणि असिस्टंट प्रोफेसर, मग सिनियर रेसिडेंट, आणि शेवटी जेआर, म्हणजे तुम्ही ज्युनियर रेसिडेंट: तिसऱ्या वर्षाचा जेआर-थ्री, मग टू, वन. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा आणि इमर्जन्सीचा वार ठरलेला असतो. तुमच्या इमर्जन्सीला भरती झालेला पेशंट घरी जाईपर्यंत तुमचाच. हिस्टरी, सॅम्पल, रिपोर्टांचा पाठपुरावा आणि सकाळच्या राउंडची तयारी हे जेआर-वनचं काम. जेआर-टू आयसीयू आणि इतर विभागांचे कॉल बघतो, जेआर-थ्री वॉर्ड चालवतो आणि खालच्यांना शिकवतो. या उतरंडीला नवी मुलं बिचकतात. पण रात्री कुणावरही एकट्याने निर्णय घ्यायची वेळ येऊ नये, यासाठीच तर ती आहे.

हे मला उशिरा कळलं. पहिल्याच वर्षी, जुलैतल्या एका पहाटे सटाण्याकडचा एक सालदार आला. कांद्याच्या चाळीवर राखणीला जमिनीवरच झोपलेला. "मना पोटमा दुखस," एवढंच म्हणत होता. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही. मी ॲसिडिटीचं इंजेक्शन लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. सिनियरला एवढ्यासाठी कशाला उठवायचं, असं वाटलं. अर्ध्या तासाने सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, याच्या पापण्या बघा." वर बघायला सांगितलं तर डोळे उघडेनात, बोलणं जड झालेलं. मण्यार! चावल्याची खूण बहुधा न ठेवणारा, पापण्यांपासून स्नायू लुळे पाडणारा साप. मग सिनियरला फोन केला. जेआर-टू धावत आली, सर्पविषविरोधी लसीच्या १० व्हायल (कुप्या) सुरू झाल्या, श्वासाची नळी टाकली, व्हेंटिलेटर लावला. काही दिवसांनी तो चालत घरी गेला. पण तो अर्धा तास मी वाया घालवला होता, आणि तो मला अजून टोचतो.

म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन आला, तर आधी त्याच्या पापण्या बघा. घोणस चावल्याची शंका असेल तर कोऱ्या, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये २ मिली रक्त घ्या, खाटेजवळ २० मिनिटं न हलवता ठेवा आणि मग एकदाच तिरपी करा. गोठलं नसेल तर विषाने रक्त बिघडवलंय. प्लास्टिकची ट्यूब चालत नाही, साबणाने धुतलेली काचेचीही नाही. वॉर्डमध्ये अशा ट्यूब कुठे ठेवतात हे पहिल्या दिवशीच वॉर्डबॉय मामांना विचारून ठेवा. आणि मण्यारीच्या दंशात रक्त नीट गोठतं, तेव्हा रक्त गोठलं म्हणून साप चावलाच नाही असं धरू नका.

पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्यांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार डोक्यात ठेवा. द्राक्षबागांकडून कीटकनाशकाच्या विषबाधेच्या केसेस येतात, तिथे ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाचा डोस कसा वाढवायचा हे सिनियरच्या शेजारी उभं राहूनच कळतं. मालेगाव, कळवण, बागलाणकडची माणसं अहिराणी बोलतात. चार वाक्यं शिका, हिस्टरी निम्म्या वेळात होते.

कागदोपत्री नियम थोडक्यात सांगते. ८० टक्के हजेरी लागते. वर्षाला किमान २० दिवस पगारी कॅज्युअल रजा मिळते. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात ३ महिने जिल्हा रुग्णालयात पोस्टिंग असतं. लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, रोजच्या रोज भरा. संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स पहिल्याच वर्षात उरका. थिसिस परीक्षेच्या ६ महिने आधी जमा करावा लागतो, तेव्हा विषय असा निवडा की त्याचे पेशंट तुमच्या ओपीडीत येतात. परीक्षेला लेखीचे ४ पेपर, मग लाँग केस, शॉर्ट केस आणि व्हायवा. परीक्षा घेणारं, १९९८ मध्ये स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच, म्हसरूळला आहे.

खोली हॉस्पिटलच्या जवळच घ्या, कॉलेज रोडच्या मोहात पडू नका. 'मविप्र'चं (मराठा विद्या प्रसारक समाजाचं) मेडिकल कॉलेज आडगावला आहे, 'एसएमबीटी' मात्र घोटीजवळ धामणगावला, तिथे नंबर लागला असेल तर शहरात खोली बघूच नका. तपोवन एक्स्प्रेसने आलात तर नाशिकरोडला उतरा, तिथून द्वारकामार्गे आडगाव गाठता येतं. बॅगेत टॉर्च, नी-हॅमर (रिफ्लेक्स तपासायची हातोडी) आणि जाड स्वेटर असू द्या, इथल्या डिसेंबरातली पहाट आपल्या परभणीपेक्षा बोचरी असते. आणि ज्या रात्री सिनियर फोन उचलणार नाही, त्या रात्री त्याच्या वरच्याला लावा.