ओझे उचलताना स्नायूंवर पडणारे बल घरी कसे मोजावे आणि कसे कमी करावे

पाच किलो पिठाची पिशवी तळहातावर धरली की दंडालाही पाच किलोचाच भार पेलावा लागतो, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात दंडाच्या पुढच्या बाजूचा द्विशिर स्नायू त्या वेळी जवळजवळ पन्नास किलो वजनाइतक्या बलाने ओढत असतो. हा आकडा एक मोजपट्टी आणि शाळेत शिकलेला तरफेचा नियम (बल गुणिले टेकूपासूनचे त्याचे अंतर बरोबर भार गुणिले टेकूपासूनचे त्याचे अंतर) एवढ्यावर कोणालाही काढता येतो.

पुढील हिशेबात बल किलोत दिले आहे. न्यूटनमध्ये हवे असल्यास त्याला ९.८ ने गुणावे. ज्यांना कंबरेचा, मणक्याचा किंवा खुब्याचा त्रास आहे, त्यांनी केवळ हिशेब करावा, ओझे उचलून पाहू नये.

पहिली पायरी: कोपराची तरफ ओळखावी

कोपर काटकोनात वाकवून तळहात वर करावा आणि दुसऱ्या हाताची बोटे कोपराच्या पुढच्या खळगीत ठेवावीत. तेथे दोरीसारखी ताठ लागते ती द्विशिर स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारा पट्टा, होय. ती कोपराच्या सांध्यापासून केवळ ४ सेंटिमीटरच्या आसपास, अग्रबाहूच्या (कोपर ते मनगट या भागाच्या) हाडाला जोडलेली असते. सांधा हा टेकू, तळहातावरची पिशवी हा भार आणि या दोहोंच्या मध्ये, पण टेकूच्या अगदी जवळ, स्नायूचे बल, अशी ही रचना आहे. अडकित्त्यात भार मध्ये असतो, म्हणून थोड्या बलात सुपारी फुटते; येथे चिमट्याप्रमाणे बल मध्ये आहे, म्हणून स्नायूला भारापेक्षा कितीतरी जास्त ओढावे लागते.

दुसरी पायरी: अंतरे मोजून गुणाकार करावा

कोपरापासून तळहाताच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते ३५ सेंटिमीटर भरले असे धरू. साठ किलो वजनाच्या माणसाचा अग्रबाहू आणि पंजा मिळून सुमारे १.३ किलो होतात आणि त्यांचा गुरुत्वमध्य कोपरापासून साधारण १५ सेंटिमीटरवर असतो. आता प्रत्येक भाराला त्याच्या अंतराने गुणावे: ५ × ३५ म्हणजे १७५, आणि १.३ × १५ म्हणजे १९.५. या १९४.५ च्या बेरजेला स्नायूच्या अंतराने, म्हणजे ४ ने भागले की सुमारे ४९ किलो हे उत्तर मिळते. याचाच दुसरा परिणाम असा की, ४९ किलोच्या ओढीतून हात आणि पिशवी यांचे ६.३ किलो वजा जाता उरलेले सुमारे ४२ किलो बल कोपराच्या सांध्यातील हाडे एकमेकांवर दाबते.

आता तीच पिशवी अग्रबाहूच्या मध्यावर, कोपरापासून १७.५ सेंटिमीटरवर अडकवून हिशेब पुन्हा करावा. वजन तेच राहते, पण स्नायूचे बल २७ किलोपर्यंत उतरते, आणि दंडाला हा फरक तत्काळ जाणवतो.

शरीराने इतकी तोट्याची तरफ का स्वीकारली, असा प्रश्न येथे पडणे स्वाभाविक आहे. द्विशिर स्नायू १ सेंटिमीटर आखडला की तळहात जवळपास ९ सेंटिमीटर हलतो. बलात जे गमावले ते वेगात आणि पल्ल्यात मिळते, आणि चेंडू फेकणे किंवा घास तोंडापर्यंत नेणे त्यामुळेच सोपे होते. स्नायूंना भारापेक्षा कित्येक पट बल लावावे लागते, ही गोष्ट इटलीचे शास्त्रज्ञ जोवान्नी अल्फोन्सो बोरेल्ली यांनी सतराव्या शतकातच अशा हिशेबांनी दाखवून दिली होती.

तिसरी पायरी: हाच हिशेब कंबरेला लावावा

पाठीचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे, कारण तेथे चूक महागात पडते. कंबरेच्या मणक्यांमधील चकती हा टेकू मानावा. तिच्या मागे सुमारे ५ सेंटिमीटरवर पाठ ताठ ठेवणारे स्नायू ओढतात. साठ किलोच्या माणसाचे कंबरेवरचे शरीर अंदाजे ३० किलो धरावे. असा माणूस २० लिटर पाण्याचा जार कंबरेतून वाकून उचलतो, तेव्हा त्याच्या वरच्या शरीराचा गुरुत्वमध्य चकतीच्या पुढे २५ आणि जार ४५ सेंटिमीटरवर असेल, तर स्नायूंना (३० × २५ + २० × ४५) ÷ ५, म्हणजे ३३० किलो बल लावावे लागते. जार अंगाजवळ घेऊन ही अंतरे १५ आणि २५ केली, तर तेच बल १९० किलो होते. पोटाचे स्नायू आणि पोटातील दाब यांचा परिणाम येथे सोडून दिला आहे, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत. तरीही दोन्हींतील फरक खरा आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य राष्ट्रीय संस्थेने कंबरेच्या चकतीवरील दाबासाठी ३,४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३४७ किलो, ही मर्यादा धरली आहे. पहिल्या पद्धतीत स्नायूंच्या ओढीत शरीराचा आणि जारचा भार मिळवला की ती ओलांडली जाते.

चौथी पायरी: उचलण्यापूर्वी अंतर कमी करावे

‘गुडघे वाकवा’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण माझ्या मते तो अर्धवट आहे. जार दोन पावलांच्या मध्ये येत असेल तरच गुडघे वाकवल्याचा लाभ होतो. रुंद खोके गुडघ्यांच्या पुढेच अडले, तर ते अंगापासून आणखी दूर जाते आणि कंबरेवरचा ताण कमी होण्याऐवजी वाढतो. म्हणून आधी पावले वस्तूच्या दोन्ही बाजूंना रोवावीत, वस्तू अंगाशी ओढून घ्यावी आणि मगच सावकाश उठावे. झटका देऊ नये: दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवत उचलल्यास हाताला तीच वस्तू सुमारे २० टक्के जड होते. दिशा बदलायची असल्यास कंबर न पिळता पावले वळवावीत. एका हातात भरलेली बादली नेण्याऐवजी दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या न्याव्यात, म्हणजे दोन्ही बाजूंची आघूर्णे (भार आणि अंतर यांचे गुणाकार) एकमेकांना तोलतात.

पाचवी पायरी: काठी योग्य हातात द्यावी

घरातील वडीलधाऱ्यांचा उजवा खुबा दुखत असेल, तर काठी डाव्या हातात द्यावी. अनेकांना हे उलटे वाटते. चालताना आपण क्षणभर एकाच पायावर असतो. तेव्हा उरलेल्या शरीराचा सुमारे ५० किलो भार खुब्याच्या सांध्यापासून १० सेंटिमीटर आत पडतो आणि त्याला तोलणारे स्नायू सांध्याबाहेर जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. त्यांना १०० किलो ओढावे लागते आणि सांध्यावर १५० किलो येतात. दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध बाजूच्या हातातील काठी सांध्यापासून ३५ सेंटिमीटर दूर टेकते, त्यामुळे तिच्यावर केवळ ५ किलो भार दिला तरी स्नायूंचे बल ६५ किलोवर आणि सांध्यावरचा भार सुमारे ११० किलोवर येतो. काठी दुखऱ्या बाजूलाच धरली, तर हे अंतर हाती लागत नाही.