स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर गोल्फ खेळायचंय? मग हे करा
बुकिंग मिळालं नाही तर बॅलट (म्हणजे सोडत) टाका, किमान दोघं लागतात, खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी 2 च्या आत नावं द्यायची, आणि रविवार धरू नका कारण त्या दिवशी कोर्स बंद असतो, लोक नुसते फिरायला येतात. हँडिकॅपचा (तुमच्या खेळाची पातळी दाखवणारा अधिकृत आकडा) पुरावा जवळ ठेवा. कॅडी (बॅग उचलणारा आणि सल्ला देणारा) घ्याच, पैसे वसूल होतात, कारण 112 बंकर (वाळूचे खड्डे) आहेत आणि बरेचसे टी वरून, म्हणजे पहिला फटका मारतात तिथून, दिसतच नाहीत. शंका आली की डावीकडे मारा. 7 ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) डबल आहेत, दोन होलना मिळून एकच, म्हणजे 100 फुटांचा पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा फटका) पण येऊ शकतो, म्हणून आदल्या दिवशी लांब पटांची प्रॅक्टिस करा, ग्रीनच्या बाहेरूनही पटरच (पट मारायची काठी) वापरा. 17 व्या होलला हॉटेलच्या कोपऱ्यावरून मारताना छाती धडधडते, पण मारा बिनधास्त!