ऊस-नोंदीला निघण्याआधी मशीनच्या बॅटरीचं बघा

खानापूर किंवा चिकोडी भागात उसाच्या नोंदीला जाणार असाल तर मशीनची, म्हणजे क्षेत्र मोजून नोंद घ्यायच्या हातातल्या जीपीएस यंत्राची, तयारी आदल्या संध्याकाळीच करा. पावसाळ्यात सकाळी करंट असेलच याचा भरवसा नाही, तेव्हा रात्री आहे तोवर मशीन लावून टाका. दुसरी बॅटरी असेल तर तीही भरून घ्या. लावण्याआधी चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण उघडून आत बघायचं. पाल्याचा कचरा असेल तर मऊ कोरड्या ब्रशने काढा, ओल असेल तर वाळू द्या. फुंकर मारली की तोंडातली वाफ उलट आत जाते. मशीनवर आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. एक मीटर पाण्यात ३० मिनिटं ही हमी झाकण घट्ट बसलेलं असेल तरच.

बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये, असं जुने लोक अजून सांगतात. ते निकेलच्या बॅटऱ्यांचं. आताच्या मशीनमधल्या लिथियम बॅटरीला पूर्ण उतरणं सोसत नाही. ऑफिसात बसून काम असेल तर २० ते ८० टक्क्यांत ठेवलेली बरी, पण शिवारात जायच्या दिवशी खुशाल १०० करा.

आता वापराचं. सगळ्यात जास्त खाते ती स्क्रीन. उन्हात दिसत नाही म्हणून आपण उजेड पूर्ण चढवतो आणि तो दिवसभर तसाच राहतो. त्यापेक्षा उन्हाकडे पाठ करून मशीन अंगाच्या सावलीत धरा, आणि ३० सेकंदांत स्क्रीन बंद होईल असं लावून ठेवा. त्याखालोखाल रेंज. कुद्रेमनी-शिनोळीच्या बाजूला टॉवर कधी इकडचा कर्नाटकाचा, कधी महाराष्ट्राचा, जांबोटीच्या पुढे जंगलात तर कुठलाच नाही, आणि मशीन बापडं शोधत बसतं. अशा ठिकाणी एअरप्लेन मोड टाका. बहुतेक मशीनमध्ये जीपीएस तरीही चालतं, फक्त पहिल्यांदा जागा पकडायला थोडा वेळ घेतं. बांधावरून फिरून क्षेत्र मोजा, नोंद मशीनमध्येच ठेवा, गावात आल्यावर पाठवा. मोजणी झाली की जीपीएस बंद, प्रिंटर लागत नसेल तर ब्लूटूथही.

पिशवीत पॉवर बँक आणि चांगली केबल हवीच. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी हातात साधारण ६,००० ते ६,५०० च येतं, त्या हिशेबाने चाला. मशीन गाडीच्या काचेमागे तापवून लगेच चार्जिंगला लावू नका. ४५ अंशांच्या वर बरीच मशीनं चार्जच घेत नाहीत, तो बिघाड नव्हे. सावलीत ठेवा, थांबा. फ्रिजमध्ये ठेवण्याचा शहाणपणा नको, आत दव धरतं.

बॅटरीचं झाकण बसेना झालं, पाठ फुगलेली दिसली, तर ती दाबून बसवायची नाही. काढा आणि ऑफिसात जमा करा.

नोंदी संपल्यावर मशीन पूर्ण भरून कपाटात टाकू नका, रिकामंही नको. ४०-५० टक्क्यांवर बॅटरी काढून थंड, कोरड्या जागी ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये तर नाहीच. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघून, उतरली असेल तर परत निम्मी भरा.