जुनी फायबर बोट, नवं इंजिन: आधी मागची फळी ठोकून बघा

कोयना धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे शिवसागराच्या, काठावर बामणोली-तापोळ्याला किंवा साताऱ्याच्या आसपास एखाद्या शेडमध्ये पालथी पडलेली १६ फुटी फायबर बोट घ्यायला गेलं, की घरातला प्रत्येक जण इंजिनाबद्दलच विचारतो. किती हॉर्सपॉवरचं, कुठल्या कंपनीचं, नवं की जुनं? हे सगळं नंतर ठरवायचं. इंजिन ज्या फळीवर लटकतं ती ट्रान्सम धड आहे की कुजलेली, त्यावर बोट घ्यायची की सोडायची, किती खर्च येईल आणि काम किती महिने चालेल हे ठरतं. वरून चकचकीत दिसणाऱ्या फायबरच्या आत प्लायवूड असतं. जुने बोल्ट ढिले झाले की त्यांच्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि प्लायवूड आतल्या आत सडत जातं.

तपासणी सोपी आहे. हातोडीच्या लाकडी दांड्याने ट्रान्सम इंचाइंचावर ठोकत जा. टणक, कोरडा आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे खडूने खूण करा. मग बोटीच्या आतल्या बाजूने ५ मिमी ड्रिलने तीन-चार भोकं पाडा. एक मधोमध तळाशी, बाकीची इंजिनाच्या बोल्टांजवळ. बाहेरच्या कातडीपर्यंत, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या थरापर्यंत, जाऊ नका. ड्रिलला पिवळसर कोरडा भुसा आला तर फळी शाबूत आहे. काळपट, ओला, कुबट वासाचा चोथा आला तर फळी बदलायचीच. मधला मार्ग नाही. कुजलेल्या प्लायवर पातळ रेझिन (फायबर बांधणारा, नंतर घट्ट होणारा द्रव) ओतून ते ‘घट्ट’ करून देणारे भेटतील, पण त्या फळीवर १०० किलोचं इंजिन लटकवू नका.

बोटीचं खरं वजनही घ्या. आपल्याकडे ऊस मोजणारे वजनकाटे गावोगावी आहेत. ट्रेलरसकट एकदा आणि रिकाम्या ट्रेलरचं एकदा, असं वजन करा. काट्याची दहा-वीस किलोची चूक चालते. १६ फुटी उघड्या बोटीचा सांगाडा साधारण २०० किलोच्या आसपास भरतो. काटा ३०० दाखवत असेल तर तळाच्या फळ्यांखालचा फोम पाणी पिऊन बसलाय. तो उन्हात वाळत नाही, खरवडून काढावा लागतो.

हंगाम आणि वाटणी

रेझिनचं काम दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलच्या आत उरका. पावसाळ्यात हवा दमट असते, फायबर नीट पकडत नाही. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात पहाटेची थंडी चांगलीच असते आणि १५ अंशांखाली पॉलिएस्टर रेझिन लवकर घट्ट होत नाही, म्हणून त्या दिवसांत सकाळी अकरा ते दुपारी चार एवढीच वेळ धरा. उलट एप्रिलमध्ये सांगलीच्या उन्हात अर्धा किलो रेझिन डब्यातच तापून धुरायला लागेल.

मुलांना कामाला लावायचंच, पण कुठल्या ते बघून. जुनी वायरिंग काढताना प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून नाव लिहिणं, काढलेले स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवणं, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढणं, रेझिन मोजणारा सांगेल ते आकडे लांब बसून वहीत लिहिणं ही कामं शाळकरी मुलं मोठ्यांपेक्षा नीट करतात. सीटच्या गाद्यांचं माप घरीच घ्या आणि शिवायला जीप-ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्याकडे द्या. आतला फोम मात्र पाणी न पिणारा मागून घ्या. ग्राइंडर चालताना आणि रेझिन मिसळताना मुलं लांब हवीत. फायबरची धूळ कातडीत आणि फुप्फुसात शिरते. काम करणाऱ्याला रसायनाच्या वाफेचा फिल्टर असलेला मास्क, चष्मा आणि हातमोजे लागतात, रुमाल बांधून भागत नाही.

ट्रान्सम बदलणं

कापण्याआधी जाड पुठ्ठ्याचे दोन साचे काढा, एक ट्रान्समच्या आकाराचा आणि एक तिच्या कलाचा. ट्रान्सम सरळ उभी नसते, मागे १२ ते १५ अंश कललेली असते. तो कल बिघडला तर इंजिन पुढे-मागे टेकवायला जागाच उरत नाही. बोटीला खालून तीन ठिकाणी आधार द्या आणि दोन्ही काठांमध्ये एक लाकडी पट्टी आडवी ठोका, नाहीतर फळी निघाल्यावर बाजू फाकतात आणि नवी फळी बसत नाही.

आतली कातडी कडेपासून ५ ते ७ सेंमी सोडून ग्राइंडरने कापा. सडलेलं प्लायवूड छिन्नीने काढा. बाहेरच्या कातडीला धक्का लावू नका, ती नव्या फळीचा साचा आहे. आतून ती ४० नंबरच्या डिस्कने घासून अॅसिटोनने पुसा आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्या.

सामान शोधायला मुंबईला जायची गरज नाही. साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत फायबरच्या टाक्या आणि दरवाजे बनवणारे आहेत, त्यांच्याकडेच रेझिन, मॅट (काचेच्या तंतूंची चादर), हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) मिळतो. दीड मीटर रुंद, अर्धा मीटर उंच ट्रान्समला एवढं पुरतं: १८ मिमीचा आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय एक पूर्ण शीट, चौरस मीटरला ४५० ग्रॅमची चॉप्ड (सुट्या तुकड्यांची) मॅट साडेतीन ते चार किलो, ६०० ग्रॅमची रोव्हिंग (काचतंतूंचं विणलेलं कापड) दोन किलो, रेझिन १५ ते २० किलो. रेझिनमध्ये कोबाल्ट (घट्ट होण्याला वेग देणारं रसायन) आधीच घातलेलं आहे ना, हे दुकानातच विचारा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. शेजारी पाण्याची बादली हवी आणि तसं झालंच तर निदान पंधरा मिनिटं डोळा धुऊन तडक दवाखाना.

प्लायचे दोन तुकडे कापा, मिळून ३६ मिमी. सगळ्या बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना, थोडं पातळ केलेलं रेझिन पाजा आणि ते चिकट असतानाच पुढचं काम करा. बाहेरची कातडी आणि पहिला प्लाय यांच्यात एक भिजलेली मॅट, दोन प्लायच्या मध्ये एक मॅट. क्लॅम्प आवळल्यावर कडेने सगळीकडून रेझिन बाहेर यायला हवं. एखाद्या जागी आलं नाही, तर तिथे हवा अडकलीय. ती पोकळी पुढे पाणी साठवते. आतल्या कोपऱ्यात पुटीने साधारण दोन बोटं रुंद गोलाई द्या, कारण काटकोनात मॅट वळत नाही, मागे पोकळ राहते.

आतून चार थर मॅट आणि दोन थर रोव्हिंग, अशा क्रमाने: मॅट, रोव्हिंग, मॅट, रोव्हिंग, मॅट, मॅट. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा तीन-चार सेंमी पुढे, तळावर आणि बाजूंवर चढवा. मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन पट रेझिन लागतं, रोव्हिंगला बरोबरीने. एका वेळी ५०० ग्रॅमच घोळवा. उन्हाळ्यात हार्डनर एक टक्का म्हणजे ५ ग्रॅम, थंडीत दीड ते दोन टक्के. रोलर फिरवून पांढरे डाग घालवा. पांढरं दिसतंय म्हणजे तिथे हवा आहे. दिवसाला दोन-तीनच थर चढवा, एकदम चढवले तर तापून तडे जातात. पूर्ण जाडी ४८-५० मिमीच्या आसपास येईल. इंजिनाच्या ब्रॅकेटमध्ये ती बसते का, ते माहितीपत्रकात आधी बघा. आठवडाभर तसंच सोडा.

इंजिनाची बोल्टची भोकं थेट पाडू नका. १२ मिमीच्या बोल्टसाठी आधी १८ मिमीचं भोक पाडा, ते इपॉक्सी पुटीने भरा, वाळल्यावर त्यातून साडेबारा मिमीचं पाडा. बोल्टभोवतीचं सील फुटलं तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. स्टेनलेसचे बोल्ट, आत मोठे वॉशर, वर पॉलियुरेथेन सीलंट. खिडक्यांचं सिलिकॉन इथे चालत नाही.

तरंगतं ठेवणारा फोम

ओला फोम काढला की त्या जागी काहीतरी भरायचंच, नाहीतर उलटलेली बोट तळ गाठते. थर्माकोल स्वस्त पडतो, पण पॉलिएस्टर रेझिन आणि पेट्रोल दोन्ही त्याला विरघळवतात. बंद पेशींचा पीयू फोम घ्या. एक लिटर फोम पाण्याखाली साधारण एक किलो उचलतो. २०० किलोच्या फायबरला पाण्यात सुमारे ७० लिटर, १०० किलोच्या इंजिनाला ७०, बॅटरी-सामानाला १५, धरून तरंगणाऱ्या पाच जणांसाठी ६० ते ७०. म्हणजे २२५ लिटरच्या खाली जाऊ नका. निम्म्याहून जास्त फोम बाजूंना, काठाच्या खाली भरा. सगळा तळाशी भरला तर पाणी भरल्यावर बोट पालथी होऊन तरंगते.

आता इंजिन

हिशेब एकूण वजनावरून. सांगाडा २००, इंजिन १००, पेट्रोल-बॅटरी ४०, पाच माणसं ३५०, किरकोळ ३०, झाले ७२० किलो. पाण्यावर उचलून पळायला दर १५ ते १८ किलोला एक हॉर्सपॉवर धरतात, म्हणजे ४०. नुसतं संथ फिरायचं असेल तर १० सुद्धा पुरतं: १४ फूट पाणरेषेची (पाण्याला टेकलेल्या लांबीची) बोट पाण्यावर न उचलता तशीही ताशी नऊ-सव्वानऊ किलोमीटरच्या पुढे ओढत नाही, कितीही पेट्रोल जाळा. २५ चं इंजिन दोन-तीन माणसांना पळवतं, पाच जण बसले की नाक वर करून पाणी नांगरत बसतं. बोटीवर जुन्या क्षमतेची पट्टी असेल तर तिच्यावर लिहिलेल्यापेक्षा मोठं इंजिन लावू नका.

जुनं दोन-स्ट्रोक ४० चं इंजिन ७०-७५ किलोचं होतं, नवं चार-स्ट्रोक ९५ ते ११५ चं असतं. फरक म्हणजे कायम मागे बसलेलं एक पोरगं. घेण्याआधी तेवढ्या वजनाची वाळूची पोती ट्रान्समजवळ ठेवून बोट पाण्यात सोडा आणि एका मोठ्या माणसाला मागे उभं करा. इंजिनाच्या खोबणीची निचरा भोकं पाण्याखाली जात असतील तर हलकं इंजिन घ्या, किंवा बॅटरी आणि टाकी पुढे सरकवा.

इंजिनाच्या शाफ्टची, म्हणजे खाली पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याची, लांबी चुकली की पैसे बुडाले. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून तळाच्या मध्यरेषेपर्यंत उभं माप घ्या: १५ इंच आलं तर शॉर्ट, २० इंच आलं तर लाँग. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या पातळीत किंवा एखाद इंच खाली हवी. वर राहिली तर वळताना पंखा हवा ओढतो आणि इंजिन किंचाळतं.

किनारपट्टीवरून आलेलं जुनं इंजिन घेत असाल तर तिन्ही-चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवेत. गिअरचं तेल दुधाळ निघालं तर सील गेलंय. थर्मोस्टॅट उघडा, खाऱ्या पाण्याचा क्षार तिथे साठतो. इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी रबरी चक्री) न बघताच बदला. इंजिनाऐवजी स्वतः गंजून झिजणारे जस्ताचे अॅनोड गोड्या पाण्यात कवच धरून निकामी होतात, कोयनेसाठी मॅग्नेशियमचे लावा.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, फायबरची जुनी टाकी आतून सुटते. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, २५ लिटरची सुटी टाकी घ्या, पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावा. पाणी साठलं की आपोआप चालू होणाऱ्या उपसा पंपाची वायर मेन स्विचमधून न नेता फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडा, म्हणजे काठाला बांधलेल्या बोटीतलं पावसाचं पाणीही तो उपसेल.

पाण्यात उतरण्याआधी

यांत्रिक बोटीला अंतर्देशीय जहाज अधिनियम २०२१ लागू होतो. सर्वेक्षण आणि नोंदणीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जावं लागतं. कोयनेच्या काठाचा मोठा भाग अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. जलाशयात कुठे फिरता येईल हे वन आणि जलसंपदा खात्याला इंजिनाचे पैसे भरण्याआधी विचारा. माणसं किती बसतील तो आकडा बोटीवर रंगवा आणि पाहुणे आले म्हणून तो वाढवू नका. २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीत माणसं क्षमतेपेक्षा जास्त होती.

पहिला तास अगदी हळू, दुसरा निम्म्या फेऱ्यांवर, पूर्ण थ्रॉटल दहा तासांनंतर. मग पूर्ण वजनासह, पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे फेरे मोजा. ४० च्या बऱ्याच चार-स्ट्रोक इंजिनांना मिनिटाला ५००० ते ६००० फेरे हवे असतात. शिवसागराचं पाणी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, तिथे ताकद सहा-सात टक्क्यांनी घटते. म्हणून कोकणात बरोबर चालणारा पंखा इथे जड पडतो. फेरे कमी भरले तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) एका इंचाने कमी करा, दीडशे-दोनशे फेरे वाढतात.

एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात, आणि त्रास देतात ते वर न आलेले, हातभर पाण्याखालचे. तेव्हा काठाजवळ इंजिन अर्धं उचलून चला. एक जादा पंखा, त्याचा नट, स्प्लिट पिन आणि पाना बोटीतच ठेवा. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी हवीच.

वीस तासांनी इंजिन ऑइल, फिल्टर आणि गिअर ऑइल बदला. गिअर ऑइल खालच्या भोकातून दाबून भरतात, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावायचा आणि त्यानंतरच खालची नळी काढायची. उलट केलं तर तेल निघून जातं, आत हवा राहते आणि गिअर घासून जातो.